गायिकेचा आवाज घरच्या सिस्टिमवर टोचतो? नवा अल्बम शोधण्याआधी हे तपासा

लक्षणं

यातलं काही ओळखीचं वाटतंय का, ते आधी बघा.

– गायिकेच्या तोंडून "स", "श" किंवा "च" आला की सुस्कारा उठतो आणि त्यापुढचा स्वर दबून जातो.
– हळू लावलं तर ठीक, पण थोडं मोठं केलं की तारसप्तकात कानाला बोचायला लागतं.
– आवाज किरटा, वरवरचा वाटतो. छातीतून येणारा भरीवपणा कुठेच नसतो.
– गायिका दोन स्पीकरांच्या मधोमध उभी राहत नाही. आवाज खोलीभर पसरतो किंवा एका बाजूला सरकतो.
– पहिली दोन गाणी आवडतात, अल्बम संपेपर्यंत डोकं जड होतं.
– तबकडीवर बाजूच्या सुरुवातीचं गाणं स्वच्छ, शेवटचं फाटलेलं.
– मोजके अल्बम सुरेख वाजतात, बाकी सगळे "वाईट रेकॉर्डिंग" वाटतात.

शेवटचं लक्षण सगळ्यात फसवं आहे. ते दिसलं की माणूस सिस्टिमकडे बघायचं सोडून देतो आणि "उत्तम रेकॉर्डिंग असलेले गायिकांचे अल्बम" शोधत बसतो. मी बऱ्याच जणांच्या घरी सिस्टिम लावून दिल्या आहेत आणि ही तक्रार पुन्हा पुन्हा दुरुस्त केली आहे. दोष बहुतेक वेळा मांडणीत किंवा खोलीत सापडतो. काही वेळा तो खरोखर रेकॉर्डिंगमध्ये असतो, यंत्रात क्वचितच. म्हणूनच चांगल्या अल्बमचा शोध ही माझ्या लेखी दुसरी पायरी आहे. जी सिस्टिम निवडक दहा अल्बमच गोड वाजवते, तिच्यात काहीतरी बिघडलेलं आहे आणि ते शोधायला हवं.

हा दोष गायिकांच्याच आवाजात का उघडा पडतो, याला कारण आहे. गाताना स्त्रीच्या आवाजाचे मूळ स्वर साधारण २०० ते १००० हर्ट्झ या पट्ट्यात असतात. शब्दांची स्पष्टता मात्र त्याच्या वर, २००० ते ८००० हर्ट्झमध्ये असते. माणसाचा कान २००० ते ५००० हर्ट्झच्या आसपास सर्वात तीक्ष्ण असतो, आणि दोन ड्रायव्हरच्या (आवाज काढणाऱ्या पडद्यांच्या) बहुतेक स्पीकरांत वूफरकडून, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्याकडून, वरचे स्वर वाजवणाऱ्या ट्वीटरकडे काम सोपवलं जातं तेही २००० ते ३००० हर्ट्झच्या जवळच. म्हणजे कान जिथे सगळ्यात जागा असतो, तिथेच स्पीकरमध्ये सांधा (क्रॉसओव्हर) असतो. ढोल-ताशात लपून जाणारी चूक इथे लपत नाही.

पहिली तपासणी: हेडफोन

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. जे गाणं टोचतं तेच, त्याच फोनवरून किंवा त्याच फाइलवरून, हेडफोन लावून ऐका. त्याच शब्दावर तोच "स" हेडफोनमध्येही टोचला तर संशय रेकॉर्डिंगवर किंवा फाइलवर. हेडफोनमध्ये स्वच्छ वाटला तर संशय स्पीकर, मांडणी आणि खोलीवर. हेडफोनमुळे खोली पूर्णपणे बाजूला पडते, म्हणून ही तपासणी पहिली. काही हेडफोन स्वतःच वरच्या पट्टीत चढे असतात, त्यामुळे शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या जोड्यांवर ऐका.

दिवसभर गोंगाटात राहून आलेल्या कानांनी निर्णय घेऊ नका. थकलेल्या कानाला चांगलं रेकॉर्डिंगही बोचतं. सकाळी, शांत वेळी ऐका, आणि नेहमीपेक्षा थोडं हळू लावा.

दुसरी तपासणी: ज्यांच्यावर शंका घेता येत नाही असे अल्बम

स्ट्रीमिंगवर हे सहज सापडतात, त्यामुळे विकत काहीच घ्यावं लागत नाही. हे अल्बम तुमची मोजपट्टी आहेत, आवडीचा प्रश्न वेगळा.

नोरा जोन्सचा 'कम अवे विथ मी' (२००२) माझा पहिला. त्याला उत्कृष्ट ध्वनिमुद्रणाचं ग्रॅमी मिळालं होतं. आवाज जवळचा, शांत, खालच्या पट्टीत. हा अल्बम तुमच्याकडे कर्कश वाजला तर वाद संपला, दोष तुमच्या बाजूला आहे.

डायना क्रॉलचा 'द लुक ऑफ लव्ह' (२००१) अ‍ॅल श्मिट या इंजिनिअरचं काम. त्यालाही तेच ग्रॅमी मिळालं. माइक इतका जवळ आहे की श्वास ऐकू येतो. इथे एकच गोष्ट तपासा: श्वास आणि शब्द एकाच जागेवरून येतात का? श्वास जर वेगळा, वर तरंगताना ऐकू आला, तर ट्वीटर आणि वूफर कानापाशी नीट जुळत नाहीत. बहुतेक वेळा बसण्याची उंची चुकलेली असते.

जेनिफर वॉर्न्सने गायलेला लेनर्ड कोहेनच्या गाण्यांचा 'फेमस ब्लू रेनकोट' जास्त अवघड परीक्षा घेतो, कारण हा आवाज मोठा आहे आणि उंच जातो. अ‍ॅम्प्लिफायर दमत असेल तर इथे कळतं.

काउबॉय जंकीज या गटाचा 'द ट्रिनिटी सेशन' टोरांटोच्या एका चर्चमध्ये नोव्हेंबर १९८७ मध्ये एकाच माइकभोवती बसून मुद्रित झाला. गायिका मार्गो टिमिन्सचा आवाज तिथल्या लाउडस्पीकरमधून त्या माइकपर्यंत गेला. त्यामुळे इथे झळाळी शोधू नका. आवाज विरतो तेव्हा चर्चची खोली ऐकू यायला हवी. ती ऐकू येत नसेल, तर तुमच्या स्वतःच्या भिंतींची परावर्तनं तिला झाकताहेत.

आणि सुझान व्हेगाचं 'टॉम्स डायनर', वाद्यांशिवायचं. एमपी३ हा फाइल लहान करणारा प्रकार तयार होत असताना त्या कामातले कार्लहाइंट्झ ब्रांडेनबुर्ग यांनी हेच गाणं वारंवार वापरलं, कारण एकट्या बाईच्या आवाजात फाइल दाबल्याची खूण लगेच दिसते. तुमच्या स्ट्रीमिंगचा दर्जा पारखायला आजही ते चालतं.

यापुढची परीक्षा मात्र मराठीतच करा. इंग्रजी गायिकेचा "स" मुळात किती तीक्ष्ण असावा याबद्दल आपला अंदाज चुकू शकतो, स्वतःच्या भाषेत चुकत नाही. ज्या गाण्यात "चांदणं" आणि "चंद्र" अशी दोन्ही जातीची "च" येतात, असं एखादं भावगीत लावा. "चांदणं"चा च दातांवरचा, "चंद्र"चा टाळूवरचा. दोन्ही एकसारखे, किंवा दोन्ही "स"कडे झुकलेले ऐकू आले, तर वरची पट्टी गढूळ आहे. ही तपासणी मी कोणत्याही यंत्राच्या मोजणीइतकी मानते.

ख्यालगायनात मींड ऐका. किशोरी आमोणकरांसारखी गायिका मध्य सप्तकातून तार सप्तकात सरकत जाते तेव्हा आवाजाचा पोत एकच राहायला हवा. वाटेत एखाद्या स्वरावर आवाज अचानक पुढे उडी मारत असेल किंवा दुसरीच बाई गाऊ लागल्यासारखं वाटत असेल, तर त्या जागी खोलीचा किंवा क्रॉसओव्हरचा उंचवटा आहे. तो स्वर लक्षात ठेवा, पुढे मोजणीत उपयोगी पडेल. मागच्या तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेची झणकार, तीही ऐका. ती नुसती झिणझिणत असेल आणि तिला बुंधा नसेल, तर खालचा भाग हरवला आहे.

जुनी चित्रपटगीतं चाचणीला नालायक समजली जातात, ते मला पटत नाही. १९५०च्या दशकातली लता मंगेशकरांची गाणी मोनो आहेत. मोनो म्हणजे दोन्ही स्पीकरांत नेमकं तेच. त्यामुळे आवाज दोन स्पीकरांच्या मधल्या एका बिंदूतून यायलाच हवा. तो पसरला, तर पुढच्या दोन तपासण्यांत कारण सापडेल.

तिसरी तपासणी: बटणं आणि सेटिंग

लाउडनेस बंद. ट्रेबल-बास मध्यावर. सराउंड, "संवाद स्पष्ट करा", रात्रीचा मोड, सगळं बंद करून अ‍ॅम्प्लिफायर "स्टिरिओ" किंवा "डायरेक्ट"वर. होम थिएटर रिसीव्हर असेल तर हे विशेष बघा. दोन वाहिन्यांचं गाणं पाच स्पीकरांत वाटायच्या नादात तो गायिकेला मधल्या छोट्या स्पीकरमध्ये कोंबतो. स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये दर्जा "आपोआप" वर असेल तर सर्वोच्च करा, आणि ब्लूटूथऐवजी एकदा तार लावून बघा.

अ‍ॅपमध्ये सगळ्या गाण्यांची पातळी समान ठेवण्याचं सेटिंग असतं. ते चालू ठेवा, पण "लाउड" हा पर्याय निवडू नका. त्यात आवाज वर ढकलताना त्याची शिखरं, म्हणजे सगळ्यात मोठे क्षण, दाबली जाऊ शकतात.

चौथी तपासणी: तारांची दिशा

आवाज मधोमध बसत नाही आणि बासही पोकळ वाटतो, हे दोन्ही एकत्र असेल तर एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या असण्याची शक्यता मोठी. तेव्हा एक पडदा पुढे येतो त्याच क्षणी दुसरा मागे जातो, आणि मधला आवाज, म्हणजे गायिकाच, खोडली जाते. अ‍ॅम्प्लिफायर बंद करा. दोन्ही टोकांना लाल ते लाल, काळी ते काळी आहे ना बघा. तारेवर रंग नसेल तर एका वायरवरची रेघ किंवा अक्षरं शोधा.

तरी खात्री नसेल तर स्पीकरच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरकडून पूर्ण सोडवा आणि दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा, धन टोक लाल तारेला. वूफरचा पडदा दोन्ही स्पीकरांत एकाच दिशेला हलला पाहिजे. सेल धरून ठेवू नका आणि ट्वीटरला थेट लावू नका.

पाचवी तपासणी: मांडणी

इथे घाई करू नका. बहुतेक "वाईट रेकॉर्डिंग" इथेच चांगली होतात.

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा. ट्वीटर कानाच्या उंचीवर. कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेला स्पीकर गायिकेला छताला टांगतो, आणि सांध्याच्या पट्टीत खाच पाडतो.

किरट्या आवाजाचं सगळ्यात दुर्लक्षित कारण मागची भिंत आहे. स्पीकरमधून खालचे स्वर मागेही जातात, भिंतीवर आपटून परत येतात आणि एका ठरावीक स्वराला खोडतात. तो स्वर काढायची रीत सोपी आहे: ३४३ ला स्पीकरचा पुढचा भाग भिंतीपासून जितके मीटर आहे त्याच्या चौपटीने भागा. अंतर ४० सेंटिमीटर असेल तर उत्तर येतं सुमारे २१४ हर्ट्झ. हे नेमकं गायिकेच्या मध्य सप्तकाच्या खालच्या भागात बसतं. म्हणजे भरीवपणा तिथून काढून घेतला जातो आणि उरतं ते वरचं. ऐकणारा म्हणतो ट्रेबल जास्त आहे, खरं तर खालचा आधार गेलेला असतो. स्पीकर पुढे ओढून एक मीटरवर आणला तर तीच खाच ८६ हर्ट्झला उतरते, गायिकेच्या खाली. इतकी जागा नसेल तर दहा-दहा सेंटिमीटरने पुढे-मागे करत ऐका. फरक पहिल्या दोन हलवण्यांतच कळतो.

मग कोन. ट्वीटर थेट कानावर रोखलेला असेल तर तो सर्वात तेज ऐकू येतो. दोन्ही स्पीकर थोडे बाहेर फिरवा, त्यांच्या रेषा तुमच्या डोक्याच्या मागे एकत्र येतील असे. "स" बराच मऊ होतो. फार फिरवलं तर गायिका मधून विरघळते. त्या दोन टोकांच्या मध्ये तुमची जागा आहे आणि ती कानानेच सापडते.

सहावी तपासणी: खोली

बसायच्या जागी बसा. कोणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात जिथे स्पीकर दिसतो, तिथून आवाज उसळून तुमच्याकडे येतो. तिथे पुस्तकांचं शेल्फ, जाड गोधडी, काहीही मऊ किंवा वेडंवाकडं ठेवा. समोर उघडी फरशी असेल तर सतरंजी घाला. टाळी वाजवा, मागून टणत्कार आला तर दोन समोरासमोरच्या भिंती मोकळ्या आहेत.

एक सावधगिरी. दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा फोम सगळीकडे चिकटवू नका. तो फक्त वरचा भाग खातो. खोली मंद होते, पण ३०० ते ८०० हर्ट्झमधला भोंगेपणा तसाच राहतो, आणि गायिका कोंडल्यासारखी वाटते. थोडं पण जाड साहित्य, नेमक्या जागी, हे जास्त कामाचं.

सातवी तपासणी: तबकडी ऐकत असाल तर

शेवटचंच गाणं फाटत असेल तर याचं कारण भूमितीत आहे. ३३⅓ गतीच्या तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला जवळपास ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला फक्त २१च्या आसपास. तोच "स" निम्म्याहून कमी जागेत कोरलेला असतो. सुई आधी साफ करा, मग कार्ट्रिजचा (सुई धरणाऱ्या भागाचा) कोन आणि दाब उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे लावा. तरी फाटत असेल तर सुई झिजली आहे. झिजलेली सुई तबकडीही खराब करते, तेव्हा बदलेपर्यंत आवडत्या तबकड्या लावू नका.

आठवी तपासणी: आता अल्बम, आणि त्याची आवृत्ती

इथपर्यंत सगळं झालं, मोजपट्टीचे अल्बम सुंदर वाजू लागले, तरी तुमचा आवडता अल्बम टोचतोय. मग दोष खरोखर रेकॉर्डिंगमध्ये आहे. त्यातही बऱ्याचदा मूळ मुद्रण चांगलं असतं आणि नंतरचं मास्टरिंग, म्हणजे प्रकाशनाआधी आवाजावरचा शेवटचा हात, बिघडलेलं. १९९०च्या दशकापासून सीडी अधिकाधिक मोठ्या आवाजात वाजावी म्हणून शिखरं दाबायची चढाओढ लागली. जुन्या अल्बमच्या "रीमास्टर्ड" आवृत्त्याही त्यात सापडल्या. दाबलेल्या आवाजात गायिका हळू गायली काय आणि खुल्या गळ्याने गायली काय, पातळी तीच. कान थकतात ते यामुळेच.

तपासायला पैसे लागत नाहीत. गाण्याची स्वतःकडची फाइल ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. लाटांचे माथे सपाट कापलेले दिसले तर उत्तर मिळालं. मग त्याच अल्बमची आधीची आवृत्ती शोधा. तुलना करताना दोन्हींची पातळी समान ठेवा. जरा मोठी लावलेली आवृत्ती कानाला नेहमीच आधी आवडते, आणि वाईट आवृत्ती तशीच निवडली जाते.

२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ असे आकडे बघून खरेदी करू नका. ते डब्याचं माप आहे, आत काय भरलंय ते सांगत नाही. दाबलेलं मास्टर मोठ्या फाइलमध्येही दाबलेलंच राहतं.

नवे अल्बम शोधायचे तर गायिकेपेक्षा इंजिनिअरचा माग काढा. अ‍ॅल श्मिट आवडला तर क्रॉलचा 'व्हेन आय लुक इन युअर आइज' (१९९९) आणि नॅटली कोलचा 'अनफर्गेटेबल' (१९९१) ऐका. जिम अँडरसनने मुद्रित केलेला पॅट्रिशिया बार्बरचा 'कॅफे ब्लू' (१९९४) वेगळ्या चवीचा आहे, अधिक गडद आणि धाडसी. लेबलचाही (रेकॉर्ड कंपनीचाही) माग लागतो: चेस्कीवरचा रिबेका पिजनचा 'द रेव्हन' (१९९४), नॉर्वेतल्या किर्केलिग कुल्तुरवेर्कस्टेडवरचा कारी ब्रेम्नेसचा 'नॉर्वेजियन मूड' (२०००). ग्रॅमीच्या उत्कृष्ट ध्वनिमुद्रण विभागाची जुनी यादीही चाळा, त्यात गायिकांचे अल्बम पुष्कळ आहेत. आणि एला फिट्झजेराल्डचा १९६१चा 'क्लॅप हँड्स, हिअर कम्स चार्ली!' सोडू नका. इतकी वर्षं झाली तरी त्या आवाजातला जिवंतपणा आजच्या कितीतरी मुद्रणांना जमत नाही.

आपल्याकडच्या मुद्रणांत मी तीन गोष्टी बघते. कृत्रिम घुमारा किती ओतला आहे, श्वास कापून टाकले आहेत का, आणि तबला गायिकेच्या अंगावर येतो का. तिन्ही नीट असतील तर तो अल्बम ठेवण्यासारखा, लेबल कोणतंही असो.

नववी तपासणी: अदलाबदल आणि मोजणी

डावा-उजवा स्पीकर आपसात बदला. खरखर स्पीकरबरोबर सरकली तर स्पीकर दोषी, जागेवरच राहिली तर खोली किंवा आधीची यंत्रं. कोणाकडून दोन दिवसांसाठी दुसरा अ‍ॅम्प्लिफायर आणता आला तर तोही लावून बघा. मोठ्या आवाजातली बोच त्याने गेली तर तुमचा अ‍ॅम्प्लिफायर कमी पडतोय.

मोजणीसाठी कॅलिब्रेट केलेला माइक आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. मींडेत सापडलेला तो स्वर आलेखात शोधा. उंचवटा असेल तर इक्वलायझरने (ठरावीक स्वरपट्टी कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) दोन-तीन डेसिबल कमी करा. खाच मात्र इक्वलायझरने भरायला जाऊ नका. परावर्तनाने खोडलेला स्वर कितीही वाढवला तरी खोडलाच जातो, वर अ‍ॅम्प्लिफायरवर ताण येतो तो वेगळाच.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

– अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण उघडावं लागणार असेल तर. आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही विद्युतभार धरून असतात, आणि व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तो काही शे व्होल्टचा असतो. जीव जाऊ शकतो.
– सिस्टिम चालू करताच वूफरचा पडदा एका बाजूला सरकून तिथेच थांबला, मोठी गुणगुण आली किंवा जळका वास आला तर. लगेच बंद करा, पुन्हा लावून बघू नका.
– अदलाबदलीनंतर एकच स्पीकर दोषी ठरला आणि एखाद्या स्वरावर त्यातून घासल्याचा आवाज येत असेल तर. व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारं वेटोळं) किंवा क्रॉसओव्हरचं काम अंदाजाने होत नाही.
– सगळे अल्बम, हेडफोन, दुसऱ्याची सिस्टिम, सगळीकडे तीच बोच असेल, कानात सतत शीळ वाजत असेल, किंवा पूर्वी न टोचणारे रोजचे आवाजही आता टोचत असतील तर कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्या. एका कानाचं ऐकू येणं अचानक कमी झालं असेल तर त्याच दिवशी जा. त्या आजारात उपचाराला झालेला उशीर महागात पडतो.

तंत्रज्ञाकडे जाताना टोचणाऱ्या एका गाण्याचा नेमका मिनिट-सेकंद, स्वच्छ वाजणाऱ्या एका गाण्याचं नाव आणि वरच्या कोणत्या तपासण्या झाल्या, एवढं लिहून न्या. "आवाज चांगला येत नाही" एवढ्यावर त्याला काहीच करता येत नाही. त्या दोन गाण्यांवरून मात्र कामाला कुठून सुरुवात करायची ते कळतं.